टोपडं घातलेला मॉडेम

ताईला बंगळूरच्या एका संस्थेत संशोधनासाठी जागा मिळाली होती. होकार ई-मेलनं कळवायचा, शनिवारी संध्याकाळपर्यंत. नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला तरी.

कळंब्यातल्या आमच्या घरी कॉम्प्युटरच्या पोटातच बसवलेला स्वस्तातला मॉडेम होता. दिवे नाहीत, आवाज कमी करायची सोय नाही. फोन लागेपर्यंत किंचाळायचा, आणि पावसात लाईन खरखरली की हात टेकायचा. मुलीचं भविष्य असल्या न दिसणाऱ्या वस्तूच्या हवाली करणं वडिलांना पटेना. ते शाहूपुरीतून भारीतला घेऊन आले. हा बाहेर ठेवायचा, वेगळ्या प्लगवर चालणारा, पुढं लाल दिव्यांची रांग. दुकानदारानं सांगितलं होतं, "पावणं, लाईन कसलीबी असूंदे, ह्यो सोडत न्हाय."

नव्या यंत्राचं आमच्याकडं जे होतं ते त्याचंही झालं. हळदकुंकू, हार, नारळ. शेजारचे बघून गेले. मग आईनं टीव्ही, मिक्सर आणि फोनसारखंच त्यालाही लोकरीचं टोपडं विणून घातलं. जाळीतून दिवे लुकलुकताना दिसत, त्यामुळं कुणाला काही शंका आली नाही.

शनिवारी दुपारी ताई बसली. मॉडेम अगदी सभ्यपणे जोडला गेला आणि होकार पाठवेपर्यंत तुटला. पुन्हा जोडला, पुन्हा तुटला. वडिलांनी आधी पावसाला दोष दिला, मग काळाला. टोपडं काढून बघू, असं मी म्हटलं, तर आई म्हणाली, "धूळ बसंल. एवढी भारीतली वस्तू उघडी ठेवायची व्हय?"

ताई वाद घालत बसली नाही. तिनं फोनची वायर काढली आणि कॉम्प्युटरच्या पाठीमागं, जुन्या मॉडेममध्ये खोचली. घरभर किंचाळणं झालं. पाऊस तेवढ्यापुरता उघडला होता. होकार गेला.

वडिलांनी कॉम्प्युटरच्या पाठीवर थाप मारली. "स्वस्तातला हाय," म्हणाले, "पर मानपान मागत न्हाय."

आईनं आता टोपडं उचललं, मॉडेमवर तळवा ठेवला आणि चटकन काढला. "ताप आलाय की ह्येला."

उघडा ठेवल्यावर भारीतला खरोखरच भारी निघाला. पुढं भर पावसातही ताईची खुशाली त्यानंच आणली.

परवा तिचा व्हिडिओ कॉल आला. आता तिच्याच हाताखाली संशोधन करणारी मुलं आहेत. तिच्या मागं फळीवर राउटर दिसत होता.

"बोडकाच ठेवलायस व्हय त्याला?" आई म्हणाली. "टोपडं धाडू?"

"धाड की. चहाच्या किटलीला घालते."