राल मांगचा गवा

"आवो, ह्याचा कान तरी पुसा. चिखल किती माखलाय!"

"मरू दे गं त्यो कान. झूचं मडकं काढ आधी. समदं गाव वर चढाय लागलंय."

राल मांग ओसरीत पाय पसरून बसला होता. पुढ्यात गव्याचं भलंथोरलं डोकं. ब्रह्मदेशातल्या आमच्या चिन डोंगरात या माणसानं अस्वलं, सांबरं, रानडुकरं किती मारली त्याला गणती नाही. पण साठी आली तरी गवा काही घावला नव्हता. ओसरीच्या भिंतीला कवट्यांच्या तीन रांगा आणि मधला जाड खुंटा बारा वर्षं मोकळा. गवा मारल्याशिवाय आमच्यात कुणी थोर शिकारी होत नाही, मेल्यावर त्याच्या नावानं उभ्या केलेल्या दगडावर शिंगं कोरत नाहीत. आज पहाटे धुक्यात त्यानं ठासणीची बंदूक उडवली, मग खिंडीतून तीन बार काढून गावाला कळवलंसुद्धा. टोपल्यांतून मांस वाहून आणणाऱ्यांत मीही होतो.

त्याचा मेहुणा चेऊ बिक झूच्या, म्हणजे धान्याच्या दारूच्या, मडक्यात नळी खुपसून बसला. "दाजी, पुन्यांदा सांगा की. घावला कसा?"

"आरं, घावतोय कशाचा, चालत आला! मी दगडाआड. वारं माझ्याकडनं त्याच्याकडं. म्हटलं, गेलं आता, उधळतंय. तर गडी सरळ माझ्याकडं! वीस पावलं, दहा पावलं... आसला बिनघोर गवा बापजन्मात बघितला न्हाई."

"तुमचं तोंड बघून भाऊबंद वाटला आसंल त्याला."

सगळे खिदळले. राल मांगची बायको सुई झिंग तेवढी हसली नाही. ओल्या फडक्यानं ती कान पुसत होती, तिचा हात थांबला. कानाच्या कडेवरून तिनं अंगठा फिरवला. एकदा, दोनदा.

"आवो, हिकडं या. हात लावा."

त्यानं हात लावला. दोन खाचा सरळ, तिसरी तिरपी. ती खूण तिच्याच हातची होती.

आमचे गयाल गव्याच्याच जातीचे, पण अर्धे घरचे, अर्धे रानचे. रानात मोकळे चरतात. मालक मीठ घेऊन गेला की येऊन तळहात चाटतात. ज्याच्या त्याच्या घराची खूण कानावर. राल मांगच्या गायीला रानगव्यापासून झालेला हा गोऱ्हा दोन पावसाळ्यांमागं नाहीसा झाला, तेव्हा वाघानं नेला म्हणून सोडून दिला होता. तिकडं तो वाढला तो थेट बापावर गेला.

राल मांगनं खांद्यावरची मिठाची पिशवी चाचपली. ती पहाटेपासून तिथंच होती.

"मिठाला आला त्यो," सुई झिंग म्हणाली.

मडक्यातली गुडगुड थांबली. पहिल्यांदा चेऊ बिक भानावर आला. कुजबुजला, "दाजी, कान छाटून टाकू. शिंगं तर गव्याचीच हायती. कुणाला कळतंय?"

राल मांगनं ऐकलं की नाही, कोण जाणे. "जीभ भाईर काढली हुती त्यानं," तो म्हणाला. "मला वाटलं, दमलाय."

तेवढ्यात खालच्या वाटेवरून हाक आली, "थोर शिकारी! नळी ठिवली का आमास्नी?"

तो ओसरीच्या कडेला जाऊन उभा राहिला. "गवा न्हाई!" तो ओरडला. "माझाच गयाल हाय. वाटं घिऊन जावा. खुंट्याला काय टांगायचं न्हाई."

चढणारी माणसं जागच्या जागी थांबली. एका म्हातारीनं तोंडावर हात दाबला. चेऊ बिकनं नळी मडक्यातून काढून बाजूला ठेवली.

"ऊन चढतंय," सुई झिंग शेवटी म्हणाली. "मांस नासंल."

राल मांगनं कोयता उचलला, उकिडवा बसला आणि टोपलीतल्या मांडीच्या मांसाच्या पट्ट्या काढायला लागला. चुलीवरच्या, मांस धुरावर वाळवायच्या माचाला पुरतील एवढ्या झाल्यावर खांद्यावरची पिशवी उतरवली, सगळं मीठ मांसावर उपडं केलं आणि दोन्ही तळहातांनी चोळत बसला.