जाड अक्षरांमागची दुपार
आज गल्लीत कुणीतरी दार रंगवत होतं, त्या टर्पेंटाइनच्या वासाने मंगला गौरीच्या देवळाजवळच्या माझ्या पहिल्या दुकानातली दुपार आठवली. शटरवर माझं नाव लिहायला पेंटर बोलावला होता. लाल, जाड अक्षरं आणि त्यांना पिवळी सावली. सावली फुकट हवी म्हणून मी तासभर भांडलो. शेवटी तो कबूल झाला आणि म्हणाला, "शटर हिलता है, मालिक, अंदर से पकड़िए." मी आत गेलो, त्याने शटर ओढून घेतलं. लिहून झाल्यावर मी ‘उघड’ म्हणालो, तर बाहेरून थंड उत्तर आलं, "मोटा अक्षर माँगे थे न? देर से सूखेगा. अभी उठाइएगा तो सब पुँछ जाएगा." मी शिव्या घातल्या, लाथ मारायला पाय उचलला आणि तसाच खाली ठेवला. संध्याकाळपर्यंत अंधारात घामाने निथळत बसलो. बाहेर नदीच्या घाटाकडे जाणारी माणसं थांबून माझं नाव मोठ्याने वाचत होती. तोवर या परप्रांतातल्या शहरात मी नुसता ‘ए मराठी’ होतो. त्या पेंटरला मी अजून माफ केलेलं नाही. आता मुलाने दुकानाच्या शटरपुढे काच बसवली आहे, काचेवर नाव बारीक राखाडी अक्षरांत. काचेमागून मला दिवसभर सगळे दिसतात, पण कुणी थांबून वाचत नाही.