साहेबाला आंबेनळी काय माहीत

भाई मंगळवारी सकाळी गेले. गाडी गॅरेजमध्ये होती. तिच्या पुढच्या जाळीमागे गोणपाट बांधलेलं होतं.

भाई म्हणजे महाडचे माझे शेजारी. मस्कतला अर्धं आयुष्य ट्रक चालवून परतले आणि महाबळेश्वरच्या एका बंगल्यातून जुनी, उघड्या टपाची, दोनच माणसांची विलायती स्पोर्ट्स कार घेऊन आले. आणली ती उतारावरून. चढाचा प्रश्न तेव्हा आला नव्हता.

तो आला भाभींना घेऊन वर निघाले तेव्हा. आंबेनळी घाटाच्या अर्ध्यावर एका वळणाशी इंजिनातलं तेल तापून पाण्यासारखं पातळ झालं, दाबाचा काटा खाली बसला आणि भाभी स्ट्रॉबेरीच्या टेम्पोतून घरी आल्या. "आता न थांबता वर जाईल तेव्हाच बसेन मी हिच्यात," त्यांनी सांगून टाकलं. भाईंनी शब्द दिला. पुढची काही वर्षं त्या शब्दापायी माझे रविवार गेले.

मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. इंग्रजी वाचतो म्हणून गाडीचं जाडजूड पुस्तक माझ्याकडे आलं. "वाचा सर. काय म्हणतो साहेब?" साहेब म्हणजे पुस्तकाचा लेखक. साहेबाचं म्हणणं असं की तेल थंड करायला इंजिनापुढे ऑइल कूलर बसवा. लहानसा रेडिएटरच तो. पण गरजेपुरताच घ्या, फार मोठा नको.

"साहेबाच्या गावात बर्फ पडतो," भाई म्हणाले. "त्याला आंबेनळी काय माहीत?"

दोन माणसांच्या घरात दहा माणसांचा कुकर आणणारा माणूस हा. त्यांनी बिरवाडीच्या भंगारवाल्याकडून कुठल्याशा अवजड मशिनचा कूलर उचलून आणला. तो जाळीमागे मावेना म्हणून जाळी पुढे काढली. ओठ पुढे काढून रुसलेल्या पोरीसारखी दिसायला लागली गाडी.

घाटासाठी हे ठीक होतं. पण भाई गाडी घेऊन रोज बाजारात जात, आणि तेवढ्यात तेल तापायचंच नाही. झाकण काढलं की खाली दुधाच्या सायीसारखा पांढरा फेस. गार तेलात पाणी साठतं, इंजिन खराब होतं. मी पुन्हा पुस्तक उघडलं. साहेबाकडे उत्तर होतं. थर्मोस्टॅट बसवा. तेल गार असेपर्यंत तो त्याला कूलरकडे जाऊ देत नाही. तापलं की वाट आपोआप उघडते.

भाईंनी मुंबईहून थर्मोस्टॅट मागवला आणि डबा न फोडता कपाटावर ठेवून दिला.

"बसवा की, भाई!"

"आत बिघडला तर कोणाला दिसतंय, सर? आपल्याला हात हाय ना."

हातानं करायचं ते असं. गावात असताना कूलरवर गोणपाट बांधायचं, म्हणजे वारा लागत नाही. घाटाआधी पोलादपूरला थांबून ते सोडायचं.

तुम्ही म्हणाल, यात अवघड ते काय? अवघड पोलादपूर होतं. गाडी थांबली की माणसं जमत. "भाई, किती पळते हो?" "पळत नाय रे, मिरवते!" मग चहा, मग कुणाच्या तरी दुबईतल्या भावाची चौकशी. मी विचारायचो, "गोणपाट काढलं?" "काढलं, काढलं. तुम्ही वाचा." आणि त्याच वळणावर काटा पुन्हा खाली.

एकदा वैतागून मी निघण्याआधीच गोणपाट गुपचूप सोडून सीटमागे टाकलं. पोलादपूरला भाई पुढे गेले, वाकले, कपाळावर हात मारला. बांधायचंच राहिलं, असं त्यांना वाटलं. त्यांनी ते सीटमागून घेतलं आणि नीट बांधलं.

वळणावर बॉनेट उघडून आम्ही कठड्यावर बसायचो. भाभींनी दिलेल्या थर्मासमधला चहा ते ओतायचे. मी पुस्तक उघडायचो, ते बोलायचे. "मस्कतला रस्ता सरळ, सर. दिवसभर चालवा. थांबायला कारणच नाय." मी मान न उचलता हुं म्हणायचो. काटा वर आला की आम्ही गाडी वळवून घरी.

भाभींकडे मस्कतचं लायसन होतं. "मला द्या, मी नेते वर," त्या म्हणायच्या.

"स्टिअरिंग जड हाय तिचं."

"तुमचा कुकर कोण उचलतंय मग रोज?"

भाईंचा चाळिसावा झाला. दुसऱ्या दिवशी भाभींनी स्टुलावर चढून कपाटावरचा डबा काढला. बिरवाडीच्या मेकॅनिकनं तेलाच्या फिल्टरखाली थर्मोस्टॅट बसवला आणि गोणपाट सोडून माझ्या हातात दिलं. एका दुपारचं काम. भाई गेल्यापासून मला रडू आलं नव्हतं. त्या दुपारी मला भाईंचा भयंकर राग आला. एका दुपारचं काम होतं.

रविवारी भाभींनी गाडी काढली. पोलादपूरला हात करणारी माणसं मागे पडली. घाट लागला. मी काट्यावरून नजर काढली नाही आणि काटा जागचा हलला नाही. मी बरोबर होतो. साहेबही बरोबर होता. हे ज्यांना ऐकवायचं ते नव्हते.

ते वळण आलं आणि भाभींनी गाडी कठड्याला घेतली.

"भाभी, न थांबता जायचं होतं ना?"

"तापली काय?"

"नाही."

"मग झालं तर. उतरा, सर." त्यांनी सीटमागून थर्मास काढला. "काय बोलत बसायचे हो इथे एवढं?"

मी पुस्तक आणलं होतं. ते गाडीतच ठेवलं आणि मला आठवत होतं तेवढं सांगितलं.

आता रविवारी गाडी भाभी चालवतात. त्या वळणावर आम्ही थांबतो, मग वर जातो. गोणपाट गॅरेजमधल्या खिळ्यावर आहे.