मंडळी, जरा वर बघा

परक्या मुलखात मला सर्वांत जास्त कुणी दिलं असेल, तर ॲमस्टरडॅमलगतच्या डीमनच्या मंदावहिनींनी. त्या माझ्या वरच्या मजल्यावर राहत, आणि एका माणसाशी बोलतानाही तीस जणांना ऐकू जाईल असं बोलत. ॲमस्टरडॅमच्या ओस पडलेल्या कालव्याकाठी त्यांचा खणखणीत आवाज घुमायचा, "मंडळी, जरा वर बघा." मंडळी म्हणजे मी. दीड मीटरवर उभा.

"वहिनी, मी एकटाच आहे."

"असू दे. माझी सवय मोडायला नको."

वहिनी नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आल्या. बरीच वर्षं घरात काढल्यावर त्यांनी गाइडचा अभ्यासक्रम पूर्ण केला. महाराष्ट्रातून येणाऱ्यांना मराठीतून शहरं दाखवायची, एवढंच त्यांच्या मनात होतं. पहिला गट ठरला आणि करोनामुळे विमानं बंद झाली. पुढे रेल्वेनं फिरायची मुभा मिळाली, तेव्हा दर शनिवारी त्या माझ्यावर सराव करू लागल्या.

खाल्ल्याशिवाय इमारत दाखवायची नाही, हा त्यांचा नियम. "उपाशी माणसाला नुसत्या विटा दिसतात." हॉटेलं बंद, म्हणून दुकानाच्या खिडकीतून किबलिंग, म्हणजे माशाची गरम भजी, घ्यायची आणि बाकावर बसायचं. डेल्फ्टच्या कललेल्या मनोऱ्यासमोर मी विचारलं, "हा कधी पडेल?"

"माहीत नाही. गाइडनं थापा मारायच्या नसतात. खा."

एकदा त्यांनी जुन्या घरांच्या माथ्यावरचे लोखंडी हूक दाखवले. जिने अरुंद, म्हणून सामान दोरानं खिडकीतून वर घेतात. मी म्हटलं, बार्शीला आडतीत पोती अशीच कप्पीनं वर जायची. बाबा तिथे माल तोलणारे तोलार होते.

"मग हे त्यांना सांगितलंस?"

नव्हतं सांगितलं. फोनवर मी फक्त "शहर छान आहे" म्हणायचो आणि बाबा "बरं" म्हणायचे. त्या दिवशी हुकांचं सांगितलं, तेव्हा त्यांनी दोर किती जाड असतो ते विचारलं. बाबांनी माझ्या या जगाबद्दल विचारलेला तो पहिला प्रश्न. मी शिकल्यामुळे आमच्यात जे अंतर पडलं होतं, ते वहिनींमुळे असं कमी होत गेलं.

पुढे यजमानांच्या नोकरीमुळे त्या दूर उत्तरेला, ग्रोनिंगनला राहायला गेल्या. प्रवासी परतले, पण वहिनींनी काम सुरू केलं नाही. सुपरमार्केटात लागल्या. "आता कोण ऐकणार माझं?" म्हणाल्या. फोनवर मी विषय काढला की त्या माझ्या लग्नाचा काढत. शेवटी मी पत्र लिहिलं.

"ती. वहिनींस सा. न.

आईबाबा आले आहेत. काल त्यांना उत्रेख्तला नेलं. कालव्याच्या पाण्यालगतची तळघरं तुम्ही सांगितली होती तशी सांगत होतो. बाबांना कमी ऐकू येतं, म्हणून मोठ्यानं. थोड्या वेळानं पाहिलं तर मागे नागपूरचं एक कुटुंब थांबून ऐकत होतं. त्यांतल्या आजी म्हणाल्या, 'इतके दिवस फिरतोय, पण काय बघतोय ते आज कळलं.' मी सांगितलं, हे माझं नाही. हे सांगणाऱ्या बाई ग्रोनिंगनला असतात. तुम्हाला विचारल्याशिवाय तुमचा नंबर देणार नाही, असंही सांगितलं. ते मुलाकडे आले आहेत, अजून महिनाभर इथेच आहेत. तुमचा होकार यायच्या आधीच आजींनी सुनेला बजावून ठेवलंय, पुढचा रविवार त्या बाईंसाठी मोकळा ठेव.

तुमचा,
संतोष"