मोराची मान

चादरीवर मोराची मान तुटली होती. मोर पिवळ्या सुताचा, जमीन लाल. पिवळ्या मानेवर मधोमध एक लाल आडवी रेघ आली होती, सुरीनं कापावी तशी. त्या ओळीतल्या सगळ्याच मोरांची तीच गत. ह्यांनी माग थांबवला आणि मला हाक मारली.

"अगं, कार्डं तूच पाडलीस न्हवं? बघ की हितं."

मी हात पुसत आले. "काल बरोबर व्हती की."

"काल व्हती. आज न्हाय."

माग आमच्या घरातच होता. हे आधी चादरीच्या कारखान्यात पाळीवर जात. शेडमध्ये सुताचा बारीक कापूस सारखा उडतो, तो ह्यांच्या छातीत बसला. डॉक्टर म्हणाले, शेड सोडा. कारखान्याचे शेट माणूस बरे. त्यांनी एक जुना हातमाग आणि त्यावरचं जकार्ड आमच्या घरी मांडून दिलं. दिवाळीपर्यंत बघू, म्हणाले. माल चांगला निघाला तर माग तुमच्याकडेच राहील, नाहीतर तुम्ही परत पाळीवर या. घरी ह्यांना दार उघडं ठेवता येई, खोकला आला की थांबता येई. माल बिघडेल म्हणून मी घाबरायची ती ह्यांच्या छातीमुळे.

जकार्ड म्हणजे काय ते सांगते. मागाच्या वर, छताजवळ एक सांगाडा असतो. त्यात सुयांच्या रांगा. प्रत्येक सुईकडे खालचे ठरावीक उभे धागे असतात. कुठल्या सुयांनी धागे उचलायचे हे पुठ्ठ्याचं कार्ड ठरवतं. भोक असेल तिथं सुई आत जाते आणि धागा वर येतो. भोक नसेल तिथं सुई अडते. एका आडव्या धाग्याला एक कार्ड. ही कार्डं दोरीनं एकमेकांना शिवून त्यांची लांब माळ करतात. ती मागाच्या पाठीमागे घड्या पडून लोंबते. शेवटचं कार्ड पहिल्याला जोडलेलं असतं, म्हणून एक मोर संपला की दुसरा सुरू होतो.

भोकं पाडायचं काम माझं. ग्राफच्या कागदावर मोर चौकटींनी रंगवलेला असतो. रंगवलेली चौकट तिथं भोक, कोरी तिथं नाही. त्याला माझी चौथीची शाळा पुरली. लोखंडी पाटीत कार्ड धरायचं, पंच लावायचा, हातोडी मारायची. माझं माहेर मैंदर्गीचं, म्हणून चौकटी मी मनात कानडीत मोजते. शेजारच्या बायका टकटक ऐकून विचारत, "रोज काय खोबरं फोडतीस का गं?" मी नुसती हसून आत जाई. मला चारचौघांत बोलायला जमत नाही.

पहिला मोर उमटला तेव्हा तव्यावरची भाकरी टाकून मी बघायला गेले होते. कागदावर नुसत्या चौकटी होत्या, आणि इथं त्याला डोळा होता. भाकरी करपली. सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या म्हणाल्या, "आता मोरच वाढ ताटात." पण बघायला त्याही आल्या.

तर ही मान. सुई बिघडली तर दोष उभा येतो, चादरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. आमचा दोष आडवा होता, म्हणजे कार्डाचा. ह्यांनी मानेचं कार्ड शोधून सोडवलं. मी ते ग्राफशी ताडून पाहिलं, दाराच्या उजेडात धरलं. सगळी भोकं जागच्या जागी होती. परत लावलं. परत मान तुटली.

"मऊ लागतंय गं," हे म्हणाले. कार्ड सादळलेल्या पापडासारखं वाकत होतं.

पुठ्ठा दमट झाला की फुगतो. भोकं केसभर सरकतात आणि सुई भोकात जायच्या ऐवजी कडेला अडते. मी इस्त्रीत कोळसे घातले आणि त्याच्या आसपासची कार्डं इस्त्री केली. कोरड्या कार्डाला टिचकी मारली की ते वाजतं. तो आवाज मला फार आवडायचा. मान जुळली. त्या दिवशी जेवताना हे दोन शब्द जास्त बोलले.

दुसऱ्या दिवशी मान नीट होती, पाय तुटले होते. त्याच्या पुढच्या दिवशी पिसारा.

"कुनाची तरी नजर लागलीया," आत्या म्हणाल्या.

आदल्या संध्याकाळी माग कुठं थांबवला होता ते आठवत हे जरा वेळ उभे राहिले. मग मागाच्या पाठीमागे वाकून त्यांनी भिंतीवर तळहात ठेवला. हात ओला झाला. माग बंद केला की माळेची एक घडी रात्रभर भिंतीला टेकलेली राही. तीच कार्डं सकाळी बिघडत. भिंतीच्या पलीकडे आमची मोरी.

माग सरकवता येईना. जकार्डला उंची लागते, आणि आमचा पत्रा त्या एका भिंतीलाच उंच. भिंतीला गोणपाट लावलं, तर गोणपाटच ओलं झालं. कुणी म्हणालं, कार्डांना लाखेचं पॉलिश द्या, म्हणजे पाणी धरत नाहीत. मी देऊन पाहिलं. त्या वासानं ह्यांना असा खोकला सुटला की दुपारभर ते ओट्यावर बसून होते. मी डबा झाकून ठेवला. राहिली मोरी.

"आत्या, थोडं दिस मागं अंगणात अंगूळ कराल का?"

"तुज्या मोराला सर्दी झाली म्हनून मी उघड्यावर नाहू व्हय?"

"पडदा बांदते की."

"बांद. आन् मोराच्या गळ्यालाबी एक फडकं बांद."

दुसऱ्या सकाळी बादली घेऊन आत्याच मागे गेल्या. मोरी बंद झाली, तरी भिंत वाळेना. पावसाचे दिवस, ओल भिंतीच्या पायातून वर चढत होती. मी रोज उठून कार्डं इस्त्री करायची. काही चादरी चांगल्या निघायच्या, पण एखादीत मोर कुठंतरी तुटायचाच. हे विणताना गुणगुणायचे, ते बंद झालं.

दिवाळीच्या आधी शेट आले. मी दाराआड उभी राहिले. त्यांनी एकेक चादर दाराच्या उजेडात धरली.

"मोर लई चांगला हाय. पन हितं बघा. आन् हितं."

"भिंत ओली हाय, शेट. वाळंल," हे म्हणाले.

"कवा?"

ह्यांनी भिंतीवर परत तळहात ठेवला. शेट स्वतःशीच त्यांच्या घरच्या तेलुगूत काहीतरी म्हणाले. मग म्हणाले, "मानसं पाठवतो, माग उचलून न्हेतील. तुमी पाळीवर या. जागा ठेवलीया."

"येतो," हे म्हणाले आणि खोकले. खोकला लवकर थांबेना. शेट चादरीची घडी घालत राहिले.

"ह्यांना न्हेऊ नका," मी म्हणाले. आवाज माझाच होता, पण मलाच तो ओळखू आला नाही.

शेटनी दाराकडे पाहिलं. "कोन?"

"कार्डं मी पाडते. मी येते."

"बाईमानूस? कारखान्यात?"

"कार्डं तिनंच पाडलीत, शेट. भोक एक चुकलेलं न्हाय," हे खाली बघून म्हणाले.

शेट आत्यांकडे वळले. "म्हातारे, तू काय म्हनतीस?"

"मी काय म्हनू? मोरीतनं अंगनात गेले, आता ही घरातनं कारखान्यात जाती," आत्या म्हणाल्या. नाही मात्र म्हणाल्या नाहीत.

माग गेला. मी कारखान्यात जाते. कार्डं पाडायची खोली वरच्या मजल्यावर आहे, कोरडी, दारं असलेल्या लाकडी कपाटांची. तिथलं कार्ड कधी मऊ पडत नाही. हे घरी कांड्या भरतात. कांडी म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात बसवायची सुताची गुंडाळी. हे काम पूर्वी मी करायची. कापूस त्यातही उडतो, पण कमी. खोकला आहे तसा आहे. वाढला नाही, एवढंच.

माग खालच्या शेडमध्ये चालतात. तिथं बायका जात नाहीत. मी पाडलेली कार्डं गठ्ठे बांधून खाली जातात आणि त्यांचं पुढं काय झालं ते मला दिसत नाही. हल्ली कमळ आहे, चांगलं उमटतं म्हणतात. मान तुटलेली एक चादर शेटनी आमच्याकडेच ठेवली, ती आत्या पांघरतात.

घरी माग मांडायचा असेल त्यानं आधी भिंतीला हात लावून बघावा. आम्हीही बघितला होता, पण उन्हाळ्यात.