उणे एक मजल्यावर पाणी

चहा येईपर्यंत माझी फजिती ऐकून घ्या, नंतर हसताना ठसका लागायला नको. आता काय सांगू तुम्हाला, गणिताच्या मास्तरने भर वर्गात स्वतःचीच वजाबाकी केली, त्याची ही गोष्ट.

मला एका जागी बसवत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. त्यात बदलापूरच्या एका शाळेत शिक्षण परिषद होती, म्हणजे आसपासच्या शाळांतले गणिताचे शिक्षक जमणार. मी नमुना पाठ घ्यायचा, आणि तो आवडला तर विस्तार अधिकारी मला तालुक्याचा प्रशिक्षक नेमणार. ते पद मला हवं होतं. इतकं हवं होतं की आठवडाभर घरात येरझाऱ्या घालत होतो आणि बायको म्हणत होती, "अहो, बसा जरा, फरशी झिजेल."

पाठाआधी मी शिक्षकांना भरपूर ऐकवलं. मुलाला आधी काय माहीत आहे ते विचारा, मग चित्र दाखवा, आकडे सगळ्यात शेवटी. सगळ्यांच्या माना डोलल्या. आता तुम्हीच सांगा, एवढं बोलल्यावर मी स्वतः विचारायला नको का? पण धीर कुणाला?

सहावीचा वर्ग समोर बसवला. धन आणि ऋण संख्या शिकवायच्या होत्या. मी पुठ्ठ्याची लिफ्ट बनवली होती, दोरीने वरखाली होणारी. जमीन म्हणजे शून्य. वर एक, दोन, तीन. खाली तळघरातलं पार्किंग, उणे एक, उणे दोन. लिफ्ट शून्याच्या खाली सोडली आणि विचारलं, "इथे काय असतं?"

"पाणी," अख्खा वर्ग म्हणाला.

"पाणी कसं? गाड्या असतात."

"सर, वाहून जातील ना," पुढच्या बाकावरची श्रावणी मला समजावत म्हणाली. "आमच्या इथे नदी घुसते. पार्किंग वर असतं."

उल्हास नदीकाठच्या पोरांना मी तळघर दाखवत होतो. मागे शिक्षक खुसुखुसू हसायला लागले. मी घाईघाईने दोरी ओढली, ती गुंतली आणि लिफ्ट उणे एकवरच अडकली.

तेवढ्यात वर्गशिक्षिका म्हात्रे बाई उठल्या. त्यांनी फळ्यावर उभी रेघ काढली आणि मधोमध खूण केली. "ही पुलाजवळची इशाऱ्याची खूण. पाणी इथे आलं की शून्य. दोन हात खाली असेल तर?"

"उणे दोन."

"आणि तिथून तीन हात चढलं तर?"

"अधिक एक. बाई, सामान माळ्यावर टाकायचं."

मागे बसलेले विस्तार अधिकारी साहेब खूश झाले. मी शहाणा असतो तर गप्प बसलो असतो. पण माझ्या जिभेलाही एका जागी बसवत नाही.

"वरचे मजले तरी बरोबर आहेत ना?" मी म्हणालो. "बाराव्यावरून एक मजला चढलो, कुठे आलो?"

"चौदाव्यावर," श्रावणी म्हणाली.

"अगं, बारा अधिक एक?"

"सर, नव्या टॉवरमध्ये तेरावा नसतो. अपशकुनी म्हणून."

साहेबांनी विचारलं, "काय हो, तुमच्याकडे असतो का?"

"नाही साहेब," मी छाती काढून म्हणालो. "चिखलोलीला घर घेताना मीच सेल्सवाल्याला बजावलं, तेरावा मजला नको. तो म्हणाला, सर, टेन्शन मत लो, बारा के बाद सीधा चौदा. मी लगेच चौदावा बुक केला."

श्रावणीने बोटं मोजायचीही तसदी घेतली नाही. "म्हणजे सर, तुम्ही तेराव्यावरच राहता."

साहेबांनी तोंडाला रुमाल लावला. प्रशिक्षक म्हणून म्हात्रे बाईंची नेमणूक झाली, आणि मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण जिवाला वेगळाच घोर लागला होता. संध्याकाळी लिफ्ट सोडून जिन्याने निघालो, एकेक मजला मोजत.

धापा टाकत दारात उभा राहिलो तेव्हा बायको म्हणाली, "लिफ्ट बंद आहे का?"

"नाही," मी म्हणालो. "पोरीचं उत्तर तपासत होतो. बरोबर आहे."