दुखण्याचा हेवा

लोकांना एकमेकांच्या घराचा, नोकरीचा, फार तर नवऱ्याचा हेवा वाटतो. थोरलीला हेवा वाटायचा तो धाकट्या जावेच्या आजारपणाचा. आणि तोही थोडाथोडका नाही, तळपायाची आग मस्तकात जाईपर्यंत.

धाकटी एका कंपनीच्या तक्रार विभागात फोनवर होती. आठ तास कानाला हेडफोन लावून अनोळखी माणसांच्या शिव्या ऐकायच्या आणि शेवटी ‘आणखी काही मदत करू का?’ असं गोड आवाजात विचारायचं. दोन वर्षं तिने हे हसतमुखाने केलं. मग तिला जेवण जाईना, मग बोलणं आटलं, आणि एके सकाळी चपला घालून ती दारातच बसली ती उठेचना. डॉक्टरबाईंनी घरच्यांना समजावून सांगितलं, की ताण येतो आणि उतरतो तोवर माणूस सावरतो. तो महिनोन्‌महिने उतरलाच नाही तर कुणाला सतत भीती वाटत राहते, कुणाला नैराश्य येतं, कुणाला दोन्ही. हिला नैराश्य आलंय. औषध चुकवू नका, विश्रांती द्या, टोचून बोलू नका.

झालं! थोरलीला ताप असताना ‘गोळी घे आणि कुकर लाव’ म्हणणाऱ्या सासूबाई धाकटीच्या खोलीपुढून पाय न वाजवता जाऊ लागल्या. धाकटा दीर बायकोच्या उशाशी बसून तिला मोसंबी सोलून देऊ लागला. तेही एक वेळ चाललं असतं. पण थोरलीचा स्वतःचा नवरा, ज्याला बायकोने केस कापले तरी आठ दिवसांनी कळायचं, तो टीव्हीचा आवाज कमी करून म्हणाला, “तिला त्रास होतो.” त्या दिवशी थोरलीने भांडी अशी काही घासली, की तव्याचा दांडाच निखळला.

धाकटीच्या वाट्याची कामं आता थोरलीकडेच आली होती. सकाळचा स्वयंपाक, सगळ्यांचे डबे, मुलांचं आवरणं, धाकटीला अंथरुणात चहा, आणि मग धावतपळत कारखाना. तिथे ती शर्ट तपासायची. कॉलरची दोन्ही टोकं सारखी आहेत का, बाह्यांचा रंग अंगाशी जुळतो का, काजं नीट शिवली आहेत का, सुटे धागे कापले का, हे बघून आपल्या नंबराची चिठ्ठी चिकटवायची. आधी टेबलावर तिघी होत्या. एक सोडून गेली, तिच्या जागी कुणी आलं नाही, आणि तिचे शर्ट उरलेल्या दोघींत वाटले गेले. बारा वर्षांत एकही तक्रार नसलेल्या थोरलीच्या नंबराचे शर्ट आता परत येऊ लागले. एकाची तर एक बाही निळी आणि दुसरी जरा जास्तच निळी होती. सुपरवायझर म्हणाला, “वहिनी, आणखी एक खेप परत आली, तर मला तुम्हाला या टेबलावर ठेवता येणार नाही.”

तेव्हापासून शर्ट हातात घेतला, की तिच्या छातीत धडधडायचं. तपासलेला शर्ट ती पुन्हा उलगडून बघायची, घडी घालायची, परत उलगडायची. घरी आली तरी डोळ्यांपुढे काजंच. पण हे सांगायचं कुणाला? आजारी पडायची जागा घरात एकच होती आणि ती भरलेली होती.

एका रविवारी तिने प्रयत्न करून पाहिला. उठलीच नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. पंधरा मिनिटांनी सासूबाई आल्या, क्षणभर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “अगं, दूध उतू गेलं.” थोरली उठली.

म्हणून या वेळी धाकटीला दवाखान्यात न्यायची पाळी तिच्यावर आली, तेव्हा ती मनात एक ठरवूनच निघाली. डॉक्टरबाईंच्या तोंडून ‘आता बरी आहे, कामाला लागू द्या’ एवढं वदवून घ्यायचं. धाकटीने निदान एक वेळचा स्वयंपाक उचलला तरी आपलं टेबल वाचेल.

दवाखान्यात नर्सने एक फॉर्म दिला. गेल्या दोन आठवड्यांत काय काय झालं, त्याचे सोळा प्रश्न. प्रत्येकापुढे चार चौकोन : कधीच नाही, कधीकधी, बऱ्याचदा, जवळजवळ रोज. धाकटी चष्मा घरीच विसरली होती.

“ताई, तुम्ही वाचा ना.”

थोरली वाचू लागली. “उगाच रडू येतं?”

“कधीकधी.”

“जेवणावरची वासना जाते?”

“आता नाही. बऱ्यापैकी जेवते मी.”

ते थोरलीला ठाऊकच होतं, वाढत कोण होतं? तिने जोर देऊन ‘कधीच नाही’वर खूण केली. पाच प्रश्न असे मनासारखे झाले. तेवढ्यात नर्सने धाकटीला वजन आणि रक्तदाब बघायला आत बोलावलं.

“उरलेलं तुम्हीच भरा,” धाकटी जाताना म्हणाली. “तुम्हाला माझं सगळं माहीत आहे.”

याहून सोयीचं काय असणार! अकरा वेळा ‘कधीच नाही’ केलं, की काम फत्ते. थोरलीने पुढचा प्रश्न वाचला. झोप लागायला त्रास होतो? हिला कसला त्रास, दुपारीसुद्धा घोरते, असं म्हणता म्हणता तिला आपलं पहाटेपर्यंत टक्क जागं राहणं आठवलं आणि असा काही संताप आला, की पुढचे प्रश्न ती धाकटीशी मनातल्या मनात भांडतच वाचत गेली. छातीत धडधडतं? काहीतरी वाईट घडणार असं वाटतं? तेच काम पुन्हापुन्हा तपासावंसं वाटतं? कुठे तरी निघून जावंसं वाटतं? हे होतं कुणाला आणि लाड चाललेत कुणाचे! पेन खाली ठेवलं तेव्हा तिला घाम आला होता. काय भरलं ते तिने पुन्हा पाहिलंही नाही. सुपरवायझरने दम दिल्यापासूनच्या चार महिन्यांत न तपासता पुढे दिलेली ही पहिलीच वस्तू.

डॉक्टरबाईंनी कागद वाचला, चष्मा काढला, परत लावला.

“पहिले पाच एकदम छान. आणि पुढे सगळीकडे ‘जवळजवळ रोज’? अचानक काय झालं तुम्हाला?”

धाकटीने कागद डोळ्यांजवळ धरून वाचला आणि शांतपणे परत ठेवला.

“हे माझं नाही, डॉक्टर. हे ताईंचं आहे. भिंतीपलीकडून ऐकू येतं मला. या रोज रात्री येरझारा घालतात.”

थोरलीला चोरी पकडली गेल्याची लाज वाटायला हवी होती, पण लाजेच्या आधी दुसरंच काहीतरी उसळून आलं.

“म्हणजे तुला माहीत होतं? मग बोलली का नाहीस घरात?”

धाकटी खाली बघत म्हणाली, “भीती वाटली. तुम्हीपण आजारी आहात असं कळलं असतं, तर मला उठावं लागलं असतं.”

थोरलीचा हात शिवशिवला. डॉक्टरबाईंनी धाकटीला बाहेर बसायला सांगितलं आणि दार नुसतं लोटून घेतलं. बाहेर फोन वाजला. घरचाच असणार, अजून का आल्या नाहीत म्हणून. धाकटीचा आवाज आत ऐकू आला. “वेळ लागेल, आई. ताईंना बरं नाही.” मग थोडं थांबून, “नाही, मला नाही. ताईंना.” आणि मग, “ठेवा तसंच. मी येऊन करते.”

लग्न होऊन चौदा वर्षं झाली होती. ‘ताईंना बरं नाही’ हे वाक्य त्या घराने आज पहिल्यांदा ऐकलं, आणि तेही धाकटीच्या तोंडून.

डॉक्टरबाईंनी कोरा कागद पुढे ओढला. “कुठूनही सुरुवात करा. झोपेपासून, धडधडीपासून, काहीही चालेल.”

थोरलीने पदराने डोळे पुसले. ते पुन्हा भरले.

“मला हिचा फार हेवा वाटतो, डॉक्टर,” ती म्हणाली. आणि मग तिला थांबताच येईना.